काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे

तीर्थस्वरूप काकूंना,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कोलबाडला आपण सगळे भेटलो तेव्हा मी तुमचे आभार मानायला लागले होते. तुम्ही हात झटकलात. "आभार कसले मानतेस? टोकनाचे पैसे घेत होते मी," म्हणालात आणि चहा टाकायला उठलात. माझं बोलणं तोंडातच राहिलं. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावं असं लिहिते आहे.

ठाण्यात चरईतलं ते व्हिडिओ गेमचं दुकान ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. जुन्या इमारतीचा तळमजला, रस्त्याकडची एकच खोली. काकांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली, हिशेबाचे जे पैसे हातात आले त्यातून तीन मशिनं घेतली. एकावर विमानांचा गेम. दुसऱ्यावर 'मुस्तफा'. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते ठाण्यात कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. आणि तिसऱ्यावर, अगदी आतल्या भिंतीला, 'द किंग ऑफ फायटर्स ९७'. काकांनी लवकरच दुसरीकडे नोकरी धरली, त्यामुळे दुकान तुमचंच होतं. गल्ल्याशी स्टूल, मांडीवर परात, परातीत मेथी नाहीतर तांदूळ, आणि शेजारी टोकनांचा स्टीलचा डबा.

मी २००० साली आठवीत होते. शाळा सुटली की त्या रस्त्याने घरी जायचे. दाराबाहेर थांबून आत बघायचे. आत सगळी मुलं. एक दिवस तुम्ही परातीतून मान वर न करता म्हणालात, "दारात उभी राहू नकोस गं, उजेड अडतो. आत ये नाहीतर घरी जा." मी आत आले.

तो गेम काय होता हे नीट सांगायला हवं, कारण आमची मैत्री त्याच्या रचनेतूनच झाली असं मला आजही वाटतं. एसएनके या ओसाकाकडच्या कंपनीने १९९४ पासून दरवर्षी या मालिकेचा एक भाग काढला. १९९५ मध्ये सुरू झालेली ओरोची या खलशक्तीची कथा १९९७ च्या भागात संपते. बहुतेक फायटिंग गेममध्ये एकाविरुद्ध एक. इथे तिघांविरुद्ध तिघे. तुम्ही तीन खेळाडू निवडायचे, त्यांचा क्रम लावायचा, पहिला हरला की दुसरा उतरतो, दुसरा हरला की तिसरा. टोकन दोन रुपयांचं. आमच्यापैकी कुणाच्याच खिशात रोज दोन रुपये नसायचे. म्हणून एका टोकनात तिघे खेळायचो, प्रत्येकाचा एक खेळाडू. आपला माणूस पडला की बाजूला व्हायचं आणि पुढच्याच्या हातात स्टिक द्यायची. म्हणजे आपण समोरच्याचं किती रक्त, म्हणजे पडद्यावरची ताकदीची पट्टी, शिल्लक ठेवून जातो, त्याला किती दमवून जातो, याची जबाबदारी असायची. ज्याचं नावही माहीत नाही अशा मुलाबरोबर पहिल्याच दिवशी टीम करावी लागायची.

नावं तशीही कुणी विचारली नाहीत. जो ज्याला घेऊन खेळायचा तेच त्याचं नाव. खडावा घातलेला ज्युडोवाला गोरो डायमन घेणारा तो डायमन. पंजांना लांब नख्या लावलेला बुटका चोई घेणारा तो चोई. इओरी घेणारे तर चार जण होते, त्यांना तुम्ही मोठा इओरी, सायकलवाला इओरी असं म्हणायचात. आणि मी शिंगो.

शिंगो मी का घेतला हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. शिंगो याबुकी या भागात पहिल्यांदा आला. शाळेत जाणारा साधा मुलगा. मालिकेचा नायक क्यो याला गुरू मानतो, त्याचे सगळे डाव शिकून घेतो, हात तसाच फिरवतो, पण क्योच्या हातातून आग निघते तशी याच्या हातातून निघत नाही. आणि खेळाडू निवडायच्या पडद्यावर बाकी सगळ्यांच्या तिघातिघांच्या टीम लावलेल्या असतात, तेव्हा शिंगो कुठल्याच टीममध्ये नसतो. इओरीसुद्धा एकटाच असतो, पण त्याचं एकटेपण रुबाबाचं. शिंगोला कुणीतरी आपल्यात घ्यावं लागतं. तेरा वर्षांची मी त्या खोलीत पाहुणीसारखी उभी होते. मला दुसरा कुणी घ्यावासाच वाटला नाही.

आता तुमच्या नियमाबद्दल. तो कसा निघाला हे डायमनला वेगळं आठवतं, मला वेगळं. मला आठवतं ते असं: मोठा इओरी एकाच कोपऱ्यात गाठून सायकलवाल्याला मारत होता, सायकलवाल्याने मशिनवर लाथ घातली, दोघं एकमेकांच्या कॉलरीला भिडले. तुम्ही शांतपणे उठलात आणि भिंतीतली पिन काढलीत. पडदा काळा झाला. काचेवर नंबरासाठी ओळीने टोकनं ठेवून आम्ही सात-आठ जण उभे होतो, सगळे गप्प. तुम्ही म्हणालात, "ज्याला मार बसला त्याने एक प्रश्न विचारायचा. ज्याने मारलं त्याने खरं उत्तर द्यायचं. उत्तर दिल्याशिवाय पुढचं टोकन नाही."

त्या दिवशी सायकलवाल्याने विचारलं, "मी उठायच्या आत तू परत कसा मारतोस?" मोठ्या इओरीला उत्तर द्यावं लागलं. ते देताना त्याने स्टिक हातात धरून दाखवलं. दहा मिनिटांपूर्वी कॉलर धरलेले दोघं एका स्टिकवर वाकून उभे होते.

त्या नियमाने मला काय दिलं, ते सांगते. माझ्याशी तिथे कुणी बोलत नव्हतं. वाईट कुणी नव्हतं, पण मुलीशी काय बोलायचं हे त्या वयातल्या मुलांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही त्यांच्याशी बोलता येत नव्हतं. मी मात्र रोज हरायचे. म्हणजे रोज एक प्रश्न माझ्या हक्काचा. आणि समोरच्याला उत्तर द्यावंच लागायचं.

माझा पहिला प्रश्न अजून लक्षात आहे. "तुम्ही सगळे ती छोटी उडी कशी मारता?" या मालिकेत १९९६ पासून उडीचे प्रकार आहेत. पूर्ण उडी मारली तर वर जाऊन खाली येईपर्यंत समोरच्याला तयारीला वेळ मिळतो. छोटी उडी इतकी झटकन संपते की त्याला विचारही करता येत नाही. सगळा खेळ त्या उडीवर चालतो आणि मला ती जमत नव्हती. चोई म्हणाला, "स्टिक वर न्यायची आणि लगेच सोडायची." मी केलं, पूर्ण उडी गेली. पुन्हा केलं, पुन्हा पूर्ण. तेव्हा गल्ल्यावरून तुम्ही म्हणालात, "तवा तापलाय का बघायला बोट लावतेस ना? तशी लाव." आणि जमली. काकू, तुम्ही तो गेम एकदाही खेळला नव्हतात. चोईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

डायमनला मी विचारलं होतं, "तुझ्या पकडीतून सुटायचं कसं?" तो म्हणाला, "सुटता येत नाही. साध्या फेकीतून सुटता येतं, ह्याच्या खास पकडीतून नाही. मी हात पुढे करायच्या आत जमीन सोडायची." त्याने स्वतःचंच गुपित सांगून टाकलं आणि नंतर आठवडाभर माझ्याकडून हरला. तो चिडला नाही. त्याच्या प्रश्नांची पाळी आली होती, एवढंच.

तुम्ही पडद्याकडे न बघता कोण हरतंय ते सांगायचात. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणालात, "हरणारा बटणं जोरात बडवतो. जिंकणाऱ्याच्या बटणांचा आवाज येत नाही." मी पुढे नोकरीत, घरात, कितीतरी बैठकांमध्ये हे आठवून गप्प बसले आहे.

पण ज्या गोष्टीसाठी आभार मानायला मी त्या दिवशी तोंड उघडलं होतं, ती नववीतली आहे.

आमच्या इमारतीतल्या कुणीतरी आईला सांगितलं, तुमची मुलगी गेमवर मुलांच्यात उभी असते. आई ओरडली नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. मला शाळेतून थेट घरी यायला सांगितलं आणि घड्याळाकडे बघत दारात उभी राहू लागली. मी रडले, पण काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. "मी काही वाईट केलं नाही" एवढंच म्हणता येत होतं, आणि ते वाक्य कुणीही म्हणतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्या दारात उभ्या. तुम्ही दुकान भरदुपारी बंद केलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातात तुमची ती लाल पुठ्ठ्याची वही. आईने पाणी दिलं. तुम्ही वही उघडून तिच्यापुढे ठेवलीत.

आम्हाला वाटायचं त्या वहीत उधारी असते. उधारी होतीच. पण त्यात रोजची तारीख, कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हेही होतं. आई एक एक ओळ वाचत गेली आणि म्हणाली, "हा शिंगो कोण?"

"ही तुमची मुलगी," तुम्ही म्हणालात.

शिंगो, ५.१० ते ५.४०, २ रु. शिंगो, ५.०५ ते ५.३५, उभी होती, खेळली नाही. शिंगो, आली नाही, परीक्षा. पानामागून पान. आई बराच वेळ वाचत होती. तुम्ही म्हणालात, "माझी मुलगी असती तर मीसुद्धा दारात उभी राहिले असते. उद्या तुम्ही स्वतः या आणि माझ्या शेजारी बसा. नाही पटलं तर मीच हिला घरी सोडून जाईन, परत येऊ देणार नाही."

आई आली. तुमच्या शेजारी दुसरं स्टूल टाकून बसली, आणि पाच मिनिटांत तुमच्या परातीतली मेथी निवडायला लागली. त्या दिवशी मी, डायमन आणि चोई एका टीममध्ये खेळलो. मी तिसरी उतरले आणि हरले. मग मोठ्या इओरीला प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं, आई ते सगळं ऐकत होती.

परत जाताना आम्ही तलावपाळीवरून वळसा घेतला. गडकरीच्या समोर येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या त्या मुलाच्या हातातून आग का येत नाही? दुसऱ्याच्या येते."

मी सांगितलं, तो शिकतोय अजून.

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत ती मला अधूनमधून विचारायची, "आली का गं त्याला आग?" परीक्षेच्या निकालाच्या दिवशी विचारलं, पहिली नोकरी सुटली तेव्हा विचारलं, दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते तेव्हाही विचारलं. आमच्या दोघींत तो एक धागा तुम्ही त्या दुपारी दुकान बंद करून बांधून दिलात. तुम्ही आला नसतात तर ती दारात उभी राहिली असती आणि मी तिच्यापासून लपवायला शिकले असते. तुम्हाला चहा टाकायला उठू न देता मला हे सांगायचं होतं.

२६ जुलै २००५ बद्दल मी फार लिहीत नाही, ते प्रत्येकाच्या घरात आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या बंद पडल्या, आणि आपल्या गल्लीत संध्याकाळी गुडघ्याच्या वर पाणी होतं. मी कॉलेजातून चालत आले तेव्हा डायमन आणि चोई आधीच तुमच्याकडे होते. मशिनं हलवणं शक्य नव्हतं. डायमनने मागची फळी उघडून बोर्ड काढले, चोईने ते डोक्यावर धरून वरच्या मजल्यावर नेले, आणि तुम्ही '९७'ची कॅसेट, ज्यात गेम असतो ती शाळेच्या जाड वहीएवढी काळी डबी, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पोह्यांच्या डब्यात ठेवलीत. पोहे ओट्यावर ओतून टाकलेत. लाकडी कपाटं फुगली, टीव्हीच्या नळ्या गेल्या. दुकान पुन्हा उघडलं नाही. तोपर्यंत मुलं सायबर कॅफेत जायला लागलीच होती.

तो डबा तुम्ही वीस वर्षं जपला हे आम्हाला कोलबाडला कळलं. तुम्ही झाकण उघडलंत आणि डायमन, दोन मुलांचा बाप, खाली जमिनीवर बसला.

त्याने पुढे काय केलं ते तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा रेंज जात होती, म्हणून पुन्हा लिहिते. निओ जिओ, म्हणजे एसएनकेच्या त्या मशीनच्या बोर्डावर एक छोटी बॅटरी झाळलेली असते. ती जुनी झाली की गळते आणि तिचा रस तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतो. आपल्या बोर्डाचंही तेच झालं होतं. डायमनने बॅटरी कापून काढली, हिरवा गंज घासला, तीन तुटलेल्या रेघा बारीक तारेने जोडल्या. कॅसेटच्या पिना त्याने खोडरबराने पुसल्या. तेव्हा गेम मध्येच अडकला की तुम्ही माझ्या कंपासपेटीतला खोडरबर मागायचात, आठवतं? उपाय तोच.

कॅसेट उघडल्यावर एक कळलं. ती नक्कल होती. आतल्या दोन पट्ट्यांवर कंपनीचं काहीच छापलेलं नव्हतं. तेव्हा आपल्याकडे आलेल्या कितीतरी कॅसेटी अशाच असणार, आणि काकांना विकणाऱ्याने ती खरी म्हणूनच विकली असेल. मला याचं वाईट वाटलं. ज्यांनी शिंगो घडवला ती कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि आमच्या दोन रुपयांतला एक पैसाही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. २०१८ मध्ये 'ग्लोबल मॅच' नावाने हाच गेम नव्याने निघाला तेव्हा मी तो पैसे भरून घेतला होता. आता डायमननेही घेतला. पण आपली कॅसेट नक्कल असली तरी टाकणार नाही. तिच्यावर तुमच्या अक्षरात '९७, आतलं मशीन' अशी चिकटपट्टी आहे.

तुम्ही विचारलं होतंत की मोठा इओरी कुवेतला असताना आम्ही त्याच्याशी खेळतो कसे. इंटरनेटवर. पूर्वी अशा खेळात समोरच्याचं बटण इथे पोचेपर्यंत माझाही खेळाडू थांबायचा, छोटी उडी मारणं अशक्य व्हायचं. मग टोनी कॅनन नावाच्या एका खेळाडूनेच फायटिंग गेमसाठी वेगळी युक्ती वापरात आणली. मशीन थांबत नाही. समोरचा आत्ता जे करतोय तेच पुढच्या क्षणीही करेल असं धरून चालतं, आणि अंदाज चुकला तर क्षणार्धात मागे जाऊन दुरुस्त करतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. आम्ही दारातून आत येतानाच तुम्ही गल्ल्यावर टोकन काढून ठेवायचात, आणि आज पैसे नाहीत असं तोंडावरून दिसलं की ते गुपचूप परत डब्यात टाकायचात. मागावं लागलं नाही आणि नाही म्हणावंही लागलं नाही.

तर रविवारी रात्री आम्ही खेळतो. मोठा इओरी कुवेतहून, सायकलवाला पुण्याहून, डायमन आणि मी ठाण्यातून. हरणारा अजूनही प्रश्न विचारतो. पण आता प्रश्न गेमबद्दल क्वचितच असतात. सायकलवाल्याने मागच्या वर्षी विचारलं, "वडिलांना विसरायला होतंय, घरात सांभाळायचं कसं?" त्या रात्री पुढचा डाव झालाच नाही. मोठ्या इओरीने त्याच्या आईचं सगळं केलं होतं, तो पहाटेपर्यंत बोलत राहिला.

आणि आता कोलबाडचं. डायमनने आणलेल्या पडद्यावर तुम्ही पहिल्यांदा स्टिक हातात धरलीत. तुम्ही शिंगो घेतलात. मी काही बोलू शकले नाही. डायमनने तुम्हाला जिंकू दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं, तुमच्या खोलीत असं कुणी कधी केलं नव्हतं. तुम्ही हरलात. मग सगळे तुमच्याकडे बघायला लागले, कारण प्रश्न तुमचा होता.

तुम्ही विचारलंत, "चोई कुठे असतो?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. दुकान बंद झालं त्या पावसाळ्यानंतर त्याच्या घरच्यांनी खोली सोडली. आम्ही त्याचं खरं नाव कधी विचारलं नव्हतं. ज्याने मला छोटी उडी शिकवली, जो डोक्यावर बोर्ड धरून जिना चढला, त्याला शोधायला आमच्याकडे एका बुटक्या, नख्यांवाल्या माणसाचं नाव आहे फक्त.

म्हणून हे पत्र उघड्यावर. चोई, तू हे वाचत असशील तर ऐक. चरईचं आतलं मशीन चालू झालंय. काकू ठीक आहेत, गुडघे दुखतात, कानाने चांगलं ऐकू येतं. तुझे दोन रुपये वहीत बाकी आहेत, १४ जुलै २००५, मी स्वतः बघितलं.

काकू, पुढच्या रविवारी डायमन गाडी घेऊन चार वाजता खाली येईल. पुढच्या सीटवर बसा, पाय लांब करता येतील. येताना वही आणा. उत्तर मिळेपर्यंत आम्ही नवीन टोकन घेतलेलं नाही.

तुमची,
शिंगो